फळीले काय भेटते?

“वाक.”

पीटीचे सर एवढंच म्हणाले. मला वाटलं खाली काही पडलं असेल, उचलून द्यायचं असेल. मी वाकले. मातीत काहीच नव्हतं.

“तशी नाही. गुडघे टेक. हात टेक. बकरीसारखी हो.”

झाले. सरांनी माझ्या पाठीवर पोत्याची घडी टाकली. तुरीचं पोतं होतं. त्यातला भुसा माझ्या मानेवरून गळ्यात गेला. रांगेतल्या पोरी हसल्या. मग मागून धावण्याचा आवाज आला, बुटांचा, जवळ जवळ येत गेला, आणि माझ्या पाठीत कमरेच्या जरा वर एक पाय आदळला. माझं तोंड मातीत गेलं. दातांखाली खडे आले.

“शाब्बास!” सर ओरडले.

ते मला नव्हतं. माझ्या पाठीवर पाय देऊन जी लाकडी घोड्याच्या पलीकडे उतरली होती, तिला होतं.

मी उठायला गेले. सर म्हणाले, “तशीच राह्य. आणखी उड्या मारायच्या आहेत तिले.”

मी आठवीत होते. शाळा आर्णीकडची. नाव सांगत नाही. सांगून काय होणार, तशा शाळा आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शोधायला लागत नाहीत. पुढे मोठी कमान, कमानीवर संस्थेच्या अध्यक्षांच्या वडिलांचं नाव, मागे पत्र्याचं वसतिगृह, आणि वसतिगृहात आम्ही. आम्ही म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या आणि कोलामांच्या पोडावरच्या पोरी. गावातल्या पोरी सायकलवर यायच्या, घरून डबा आणायच्या, संध्याकाळी घरी जायच्या. आम्ही सकाळी मैदान झाडायचो, मग त्याच मैदानावर त्यांच्यासोबत कवायत करायचो.

माझा तांडा फुलसावंगीच्या बाजूला. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता शेती करतो. कापूस, सोयाबीन, मधल्या तासात, म्हणजे ओळीत, तूर. घरात गोरबोली, बाहेर मराठी. आईला याडी म्हणतो, वडिलांना बा. तांड्यावरच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग, आणि राहायची-जेवायची सोय या शाळेत, म्हणून बाने मला इतक्या लांब आणून टाकलं होतं. टाकताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला होता, “शिक. आमच्यासारखी राहू नको.”

खेळातला स्प्रिंगबोर्ड ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते. ती एक उतरती लाकडी फळी असते, खाली स्प्रिंगा. धावत यायचं, पाय फळीवर आपटायचे. फळी दबते, उसळते, माणसाला वर फेकते. पुढे लाकडी घोडा असतो, त्यावर हात टेकवून पलीकडे उतरायचं. आमच्या शाळेत असा एक जुना स्प्रिंगबोर्ड होता. पावसाळ्यात गळक्या खोलीत भिजला, फुगला आणि एका सकाळी मधोमध तडकला. विभागाची स्पर्धा तोंडावर आली होती. अध्यक्षांची मुलगी स्नेहल त्या स्पर्धेत उतरणार होती. फळी नव्हती. सरांनी रांगेवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली.

मीच काहून? रांगेत वकिलाची मुलगी होती. कृषी केंद्रवाल्याची होती. मास्तरांच्या मुली होत्या. पाठ सगळ्यांना होती.

आणि मला उडी येत होती. हे कोणी मला शिकवलं नव्हतं. तांड्याजवळच्या नाल्यावरून मी उडी मारायची, भरल्या बैलगाडीवरून मारायची, वेचलेल्या कापसाच्या ढिगावर मारायची आणि याडीच्या शिव्या खायची. निवडीच्या दिवशी मी अनवाणी धावले आणि त्याच जुन्या फळीवरून घोडा असा पार केला, की सर शिट्टी तोंडात धरून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “पोट्टीत दम आहे. राखीवमध्ये घेतो तुले.” मी वसतिगृहात नाचत गेले. दिवाळीच्या सुट्टीत तांड्यावर गेले तेव्हा बाला सांगितलं, मी शाळेच्या टीममध्ये आहे. बाने ते पार तांड्याच्या प्रमुखापर्यंत, नाईकापर्यंत पोचवलं.

राखीव म्हणजे काय, ते त्या सकाळी समजलं.

पहिल्या दिवशी स्नेहलने सरांना विचारलं होतं. तिचं ते वाक्य मी विसरले नाही, आणि इथे गाळणारही नाही, कारण खोटं बोलायचं नाही मला. ती म्हणाली, “सर, तिला लागेल ना?”

सर हसले. “तिले काय लागते? तांड्यावरचं हाडूक आहे ते.”

त्यानंतर तिने कधी विचारलं नाही.

रोज सकाळी. प्रार्थनेच्या आधी. थंडी पडली होती, मैदानाची माती दगडासारखी झाली होती. माझे गुडघे सोलायचे, खपली धरायचे, पुन्हा सोलायचे. पाठीचं मला दिसत नव्हतं. फक्त रात्री उताणं झोपता येत नव्हतं. शेजारच्या खाटेवरची सुमन, तीही एका तांड्यावरचीच, मला म्हणायची, “सांग ना सरले, दुखते म्हणून.” मी सांगायची नाही. कारण सरांनी मला म्हटलं होतं, “नवीन फळी येऊ दे. मंग तुहा नंबर.” मी त्या नंबरासाठी मातीत तोंड घालत होते. किती मूर्ख असते पोर. किती लवकर विश्वास ठेवते.

एकदा धीर करून विचारलं, “सर, फळी कधी येईन?”

सर म्हणाले, “अध्यक्षसाहेब म्हणते, काम चालून राह्यलं ना? मंग घाई कायची?”

काम चालून राह्यलं होतं. माझ्यावर.

शाळेत माझं नाव गेलं. हजेरीपुरतं उरलं. पोट्टे जिन्यात ओरडायचे, “स्प्रिंगबोर्ड आली, बाजूले व्हा!” जेवणाच्या रांगेत कोणी मागून गुडघा लावायचं आणि म्हणायचं, “पाहू पाहू, उसळते का.” वाढणारी बाईसुद्धा एकदा म्हणाली, “दे वं ताट, स्प्रिंग.” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला तेच माझं नाव वाटलं होतं.

मग इंग्रजीच्या पुस्तकात तो शब्द आला. पोहणाऱ्या मुलाचा धडा होता. मॅडमनी विचारलं, “स्प्रिंगबोर्ड म्हणजे काय, कोण सांगेल?”

वर्गात हशा फुटला. अर्धे माझ्याकडे बोट दाखवत होते. मागच्या बाकावरचा एक जण उभा राहून म्हणाला, “मॅडम, ते काय, तिथं बसली आहे ना.”

मॅडम नवीन होत्या, अमरावतीकडच्या. त्यांना आधी कळलं नाही. मग पुढच्या बाकावरच्या पोरीने सांगितलं तेव्हा कळलं. त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि त्यांनी ते पटकन मिटलं. मी पाहिलं. त्यांनी पाठ फिरवली आणि फळ्यावर लिहिलं. एक, ज्यावर पाय देऊन उंच उडी मारतात ती लवचिक फळी. दोन, पुढे जाण्यासाठी, मोठं होण्यासाठी मिळालेला आधार.

मग वाक्यं सांगितली. शाळा हा विद्यार्थ्यांचा स्प्रिंगबोर्ड आहे. छोटी नोकरी हा मोठ्या नोकरीचा स्प्रिंगबोर्ड असतो. सगळे वहीत उतरवत होते. मी दोन नंबरचा अर्थ पुन्हा पुन्हा वाचत होते. माझा हात कधी वर गेला मला कळलं नाही.

“मॅडम, फळीले काय भेटते?”

“म्हणजे?”

“उडी मारणारा पुढं जाते. मोठा होते. फळीले काय भेटते?”

वर्ग पुन्हा हसला. मॅडम चिडल्या. “अगं, फळी म्हणजे वस्तू. वस्तूला काय मिळणार? बस खाली.”

मी बसले.

त्या वाक्याने माझं जे झालं ते सरांच्या शिव्यांनी झालं नव्हतं, पोरांच्या हसण्यानेही नाही. मॅडमनी मला दुखवायला ते म्हटलं नव्हतं. त्या व्याकरण सांगत होत्या. आणि व्याकरण बरोबर होतं. मी वस्तू होते. शाळेची. घोडा, शिट्टी, दोरी, चुन्याचा डबा आणि मी. नंबर वस्तूचा येत नसतो. नवीन फळी आली असती तर मला खोलीत ठेवलं असतं, इतकंच.

तो सगळा दिवस माझे कान गरम होते. ताप आल्यासारखे. सुमन म्हणाली, “तुले का झालं?” मी म्हटलं, “मले राग आला.” ती म्हणाली, “कोणाचा?” मला एकाचं नाव सांगता येईना. सगळ्यांचा होता. माझाही होता.

पण राग आला म्हणून माणूस लगेच उभं राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी वाजली आणि मी गेले, वाकले. हेही लिहिलं पाहिजे.

स्पर्धेच्या आधी गॅदरिंग आलं. कोणी मोठे पाहुणे येणार होते, खुर्च्या भरायच्या होत्या, म्हणून वसतिगृहातल्या मुलींच्या आईवडिलांनाही निरोप गेले. पाहुण्यांना सोफे. गावातल्या पालकांना खुर्च्या. आमच्या लोकांना मागे सतरंजी. माझी याडी फेटिया, म्हणजे आमचा घागरा, आणि ओढणी घालून आली होती, आरशांची, लग्नातली. हातात कोपरापर्यंत चुडे. मी लांबूनच ओळखलं, उन्हात ती चमकत होती. शेजारी बा. धुतलेला पांढरा सदरा, मांडीवर पिशवी, पिशवीत माझ्यासाठी काहीतरी बांधून आणलेलं. आजूबाजूच्यांना तो काहीतरी सांगत होता. मला माहीत होतं काय सांगत होता. माझी पोरगी टीममध्ये आहे. आता उडी मारणार आहे.

सरांनी मंडपापुढची जागा मोकळी केली. घोडा मधोमध ठेवला. माझ्यासाठी आज पोतं नव्हतं. स्टेजवर अंथरलेल्या लाल गालिच्याचा एक तुकडा उरला होता, तो सरांनी आणला. “पाहुण्यांपुढं पोतं बरं नाही दिसत,” म्हणाले. सूत्रसंचालन करणारे माईकवरून सांगत होते, आता आपल्या शाळेची गुणी खेळाडू कुमारी स्नेहल चित्तथरारक प्रात्यक्षिक सादर करतील. टाळ्या.

बासुद्धा टाळ्या वाजवत होता. मी मैदानात चालत गेले ना, म्हणून. त्याला वाटलं माझ्यासाठीच आहे सगळं.

मी गुडघे टेकले. हात टेकले. सरांनी लाल तुकडा पाठीवर पसरला, कडा सारख्या केल्या. मान वर केली तर समोर याडी दिसली. ती उभी राहिली होती. मला नीट बघता यावं म्हणून उभी राहिली असेल. मग तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बदललं. तिने बाच्या खांद्याला हात लावला. बाच्या टाळ्या थांबल्या. हात तसेच एकमेकांजवळ राहिले.

मी उठले.

गालिच्याचा तुकडा खाली पडला. तिकडे लांब स्नेहल धावायच्या तयारीत उभी होती, अजून निघाली नव्हती. सर माझ्याकडे झपाट्याने आले. तोंडावर हसू ठेवून, दात न उघडता बोलले, “काय झालं? खाली बस.”

“मी नाही वाकत.”

“नाटकं करू नको. पाहुणे बसले आहेत.”

“बसू द्या.”

त्यांनी माझा दंड धरला, आतल्या बाजूने, चिमटीत. मी मोठ्याने बोलले. माईक लागत नाही माझ्या आवाजाला, तांड्यावरचा आवाज आहे. “मी वस्तू नाही सर. उडी मारू द्या, नाहीतर मले जाऊ द्या.”

सोफ्यावरचे पाहुणे एकमेकांकडे पाहायला लागले. कोणीतरी बँडवाल्यांना खूण केली आणि बँड सुरू झाला. मी चालत निघाले. सोफ्यांच्या मधून, खुर्च्यांच्या मधून, सतरंजीपर्यंत. याडीने मला पदराखाली घेतलं. तिच्या आरशांचे कोपरे माझ्या गालाला टोचत होते.

मंडपाच्या मागे सरांनी आम्हाला गाठलं आणि माझ्या आईवडिलांसमोर माझ्या कानाखाली मारली. दुसरी मारायला हात उचलला तो याडीने वरच्यावर धरला. चुडे खणखणले. “मास्तर,” ती म्हणाली, “हात खाली.” माझी याडी कापूस वेचणारी बाई आहे. तिने धरलेला हात सुटत नाही. सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

वसतिगृहाच्या खोलीत तिने माझा सदरा मागून वर केला. काय दिसलं ते मला माहीत नाही. तिने पाठीवर हळू हात फिरवला आणि मग पुन्हा एकदा फिरवला. बा दारात उभा होता. तो आत आला नाही.

तेवढ्यात निरोप आला, अध्यक्षसाहेबांनी बोलावलं. कार्यालयात ते आणि सर. आम्हाला बसायला कोणी सांगितलं नाही. बाने हात जोडले. “लेकरू आहे साहेब. चुकलं तिचं. पाया पडते ती.” आणि मला पुढे ढकललं.

सगळ्यात जास्त मला ते लागलं. माझ्या बाचे जोडलेले हात. तो भित्रा नव्हता. रानडुकराला काठीने हाकलणारा माणूस. पण त्या खुर्चीपुढे त्याचं सगळं अंग लहान झालं.

मी पाया पडले नाही.

अध्यक्षसाहेब शांतपणे बोलले. त्यांना आवाज चढवायची गरजच पडत नाही. “तुमच्या लोकांना वर काढायला माझ्या वडिलांनी ही संस्था काढली. दगडधोंड्यांतून तुम्हाला इथे आणलं. ही शाळा म्हणजे तुमच्या मुलांसाठी स्प्रिंगबोर्ड आहे. आणि ही मुलगी आमच्याच पाहुण्यांपुढे आमची इज्जत काढते?”

याडीने मला गोरबोलीत विचारलं, काय म्हणून राह्यला हा? मी सांगितलं, म्हणते की ही शाळा आपल्याले वर फेकते.

याडी अध्यक्षांकडे वळली. तिची मराठी मोडकी. ती म्हणाली, “मंग माह्या पोरीच्या पाठीवर जोडा कोणाचा आहे?”

उत्तरात शाळा सोडल्याचा दाखला आला. पोरगी शिस्तीत बसत नाही, घेऊन जा.

बाने माझी पेटी डोक्यावर घेतली. कमानीखालून निघालो. एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. महागावला उतरल्यावर म्हणाला, “मले माहीत नव्हतं वं.” एवढंच. मग पिशवीतून कापडात बांधलेल्या तिळाच्या वड्या काढून माझ्या हातात दिल्या. चुरा झाला होता त्यांचा.

पुढचं थोडक्यात सांगते. फुलसावंगीच्या शाळेत गेले. तिथे घोडा नव्हता, गाद्या नव्हत्या. एक गुरुजी होते, त्यांनी उंच उडीसाठी दोन बांबू रोवले आणि पलीकडे सोयाबीनच्या कुटाराचा, भुशाचा ढीग घातला. अंगभर खाज सुटायची. मी त्या ढिगात पडत पडत जिल्ह्यापर्यंत गेले, विद्यापीठापर्यंत गेले. खेळाचं शिक्षण घेतलं. आता एका आश्रमशाळेत खेळ शिकवते, कंत्राटावर. पाठ अजून दुखते. वाकून शेतात निंदायला बसले की कमरेच्या वर, त्याच जागी, कळ येते. डॉक्टर म्हणाले, जुना मार आहे. मी म्हटलं, माहीत आहे.

हे सगळं मी आज कायले लिहिते आहे? मन मोकळं करायला नाही. मन मोकळं करून काही होत नाही.

या वर्षी स्नेहल आमच्या तांड्यावर आली. आता ती संस्थेची सचिव आहे आणि जिल्हा परिषदेला उभी राहणार आहे. चार गाड्या, ढोल, सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे सतरंजी. मी सुट्टीला घरी होते. तिने मला ओळखलं, गळ्यात पडली. “अगं, आपण एका वर्गात!” तिच्या अंगाला छान वास येत होता. खरं सांगते, क्षणभर मलाही बरं वाटलं. माणूस असंच असतं.

मग ती भाषणाला उभी राहिली. रस्ता, पाणी, दिवे. आणि मग माझ्याकडे हात करून, “ही तुमचीच लेक. आमच्या संस्थेत शिकली, आज शिक्षिका आहे. मला अभिमान आहे की आमची संस्था तांड्यासाठी स्प्रिंगबोर्ड ठरली.”

टाळ्या वाजल्या. माझ्या माणसांनी वाजवल्या. बाने वाजवल्या नाहीत. तो खाली मान घालून बसला होता.

मी उभी राहिले. म्हटलं, “ताई, त्या संस्थेनं मले दाखला हातात देऊन हाकलून दिलं. काहून दिलं ते सांगू का?” आणि सांगितलं. पोतं, माती, गालिचा, सगळं. थोडक्यात, तिच्याकडे बघून.

स्नेहलचा चेहरा पडला. पण ती तयार झालेली बाई आहे, लगेच सावरली. “अगं, लहान होतो आपण. खेळ होता तो.”

“खेळात दोघींचा नंबर असते, ताई. माहा नंबर कधी आला?”

तांड्याचा नाईक उठला. माझ्या बाच्या वयाचा माणूस. “बस ना बाई. रस्त्याचं बोलणं चालू आहे. कायले जुनं उकरून राह्यली?”

“रस्ता आपला हक्क आहे, काका. तो हिच्या घरचा नाही. तुमचं मत घेऊन ही यवतमाळले जाईन, तिथून नागपूरले जाईन. आपण इथंच वाकून राहायचं का?”

तो बसला. मला वाटत नाही त्याला पटलं. माझ्या डोळ्यांतलं काहीतरी पाहून बसला.

स्नेहल माझ्याजवळ आली, आवाज खाली घेऊन म्हणाली, “तुझा राग समजतो मला. काय पाहिजे तुला? बोल.”

मी म्हटलं, “हॉल उघड.”

तिला लगेच कळलं मी कशाबद्दल बोलते आहे. त्यांच्या मैदानावर मोठा क्रीडा हॉल उभा आहे. सरकारी अनुदानातून बांधलेला, तांड्या-पोडांवरच्या मुलांसाठी म्हणून. आत गाद्या आहेत, नवा घोडा आहे, नवा स्प्रिंगबोर्ड आहे, सगळ्यावर प्लास्टिक अजून तसंच. हॉलमध्ये स्वागतसमारंभ होतात, मेळावे होतात. माझ्या शाळेतली रोशनी म्हणून एक मुलगी आहे, कोलाम पोडावरची. कडक जमिनीवरून उडून हवेत दोनदा फिरते. तिला गादी मिळावी म्हणून मी तिथे गेले होते. चौकीदार म्हणाला, लग्नाची तारीख बुक आहे, मंग या.

“निवडणूक होऊ दे,” स्नेहल म्हणाली, “मग बघू.”

मंग. पुन्हा तेच मंग.

मी बघायला थांबले नाही. रोशनीच्या आईवडिलांना भेटले, इतर मुलींच्या घरी गेले. कोणी नाही म्हणाले. तांड्यात मला शिव्या पडल्या, रस्ता घालवला म्हणून. पण आले तेही कमी नव्हते. परवा दिवसाढवळ्या आम्ही त्या हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. मुली, त्यांचे मायबाप, माझी याडी, बा. दाराला हे मोठं कुलूप.

पीटीचे सर आता तिथले मुख्याध्यापक आहेत. केस पिकले, चालणं तेच. बाहेर आले, मला पाहिलं, ओळखलं. म्हणाले, “पोरीबाळीले पुढं करून राजकारण करून राह्यली तू. कंत्राटाची नोकरी आहे तुही, माहीत आहे ना?”

बा उठला. त्याच्या अंगावर धुतलेला सदरा होता. हात जोडलेले नव्हते. “नोकरी घ्या,” तो म्हणाला. “दार उघडा.”

सर आत गेले. कुलूप तसंच राहिलं. उन्हं उतरल्यावर आम्ही उठलो. काल पुन्हा गेलो. आज शाळा सुटल्यावर पुन्हा जातो आहे. माझ्या शाळेत वरून फोन आला आहे, बाईंना समज द्या म्हणून. समज मला आठवीतच आली आहे.

तर आता सरळ सांगते. तो हॉल आमच्या लेकरांच्या नावावर बांधला आहे. किल्लीसाठी आम्ही कोणाच्या पाया पडणार नाही, कोणाच्या निवडणुकीची वाट पाहणार नाही. दार उघडलं तर गाद्या अंथरू, सराव करू, झाडून परत जाऊ. उघडलं नाही तर कुलूप तोडू. लपून नाही. आमच्या जातीला चोर म्हणायला यांना कारण लागत नाही, म्हणून दिवसा तोडू, सगळ्यांसमोर, पोलिसांना आधी कळवून. पहिला घाव मी घालीन. जे कलम लावायचं ते माझ्यावर लावा. पोरी आत जातील.